मनगट दुखतंय, माउस सोडता येईल का?

प्रश्न: पतसंस्थेत एक्सेलमध्ये रोज दोनशेक नोंदी करते. माउसमुळे उजवं मनगट धरलंय. नुसत्या कीबोर्डवर भागेल?

उत्तर १: ताई, जवळजवळ सगळं भागतं! मीही हिशेबच लिहितो. कंट्रोल + खालचा बाण दाबा, नोंदींच्या शेवटी पोचाल (मध्ये रिकामा सेल असला तर त्याच्या आधीच थांबतं). शिफ्टही धरलंत तर तेवढा भाग निवडला जातो. एफ२ ने सेल दुरुस्त करा. कंट्रोल + अर्धविराम, की आजची तारीख हजर. हे मला फार आवडतं. आल्ट दाबून सोडलंत की मेनूवर अक्षरं उमटतात, पाठांतर नको.

उत्तर २: राइट-क्लिकसाठी शिफ्ट + एफ१०.

प्रश्नकर्ती: आल्टचं माहीतच नव्हतं! आणि फिल्टर?

उत्तर १: कंट्रोल + शिफ्ट + एल. मग शीर्षकाच्या सेलवर आल्ट + खालचा बाण.