'सायको'मधली व्हायोलिनं इतकी अंगावर का येतात?

रातकिडा:
मी पुण्यात हिंदुस्तानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. सध्या हिचकॉकच्या 'सायको'चं (1960) पार्श्वसंगीत चित्रपट न लावता नुसतं हेडफोनवर ऐकते आहे. संगीतकार बर्नार्ड हर्मन. न्हाणीघरातल्या खुनाचा तुकडा सगळ्यांना माहीत असतो, पण मला जास्त छळतं ते श्रेयनामावलीचं संगीत. तिथे अजून काहीच घडलेलं नसतं, तरी पोटात गोळा येतो.

यात खरंच फक्त तंतुवाद्यं आहेत का? मैत्रीण ठामपणे सांगते की त्या किंकाळ्या इलेक्ट्रॉनिक आहेत. दुसरी गोष्ट, सुरुवातीला जो कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे सूर) पुन्हा पुन्हा आदळतो तो मी व्हायोलिनवर शोधला, तर हाती लागले सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. हे तर पटदीप रागातले सूर! मग पटदीपात जे आर्त वाटतं ते इथे भयाण का वाटतं? आणि यानंतर काय ऐकावं, तेही सांगा.

खिडकीतला प्रेक्षक:
मैत्रिणीची 'द बर्ड्स'शी (1963) गल्लत होते आहे. तोही हिचकॉकचाच, पण त्यात रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ट्राउटोनियम नावाच्या जर्मन इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केले होते आणि त्या कामाला सल्लागार होते हेच हर्मन. 'सायको'त मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. बाकी काही नाही.

व्हायोला वसई:
रातकिडा, तुम्ही सूर अगदी बरोबर पकडलेत. पाश्चात्त्य पद्धतीत त्याला मायनर मेजर सेव्हन्थ म्हणतात आणि या चित्रपटामुळे काही अभ्यासक त्याला 'हिचकॉक कॉर्ड' असंही म्हणतात. मी व्हायोला वाजवतो, आमच्या हौशी वाद्यवृंदात हे संगीत बसवलं होतं, त्यामुळे यावर थोडं सविस्तर लिहितो.

पटदीपात शुद्ध निषाद षड्जाकडे ओढ घेतो, आणि आपण षड्जावर आलो की ऐकणारा सुखावतो. हर्मन निषादाला ती वाटच देत नाहीत. तो कोमल गंधाराबरोबर एकाच वेळी वाजतो, तिथेच अडकतो, आणि वर तुटक, दाबलेल्या गजाने (बोने) पुन्हा पुन्हा तोच आघात. मागे तानपुरा नाही, त्यामुळे पाय टेकायला षड्ज नाही. सूर तेच, पण सुटका काढून घेतलेली. चित्रपटाची नायिका मॅरियन चोरलेले चाळीस हजार डॉलर घेऊन गाडीतून पळत असते तेव्हा हेच संगीत परत येतं. पडद्यावर तेव्हा काय असतं? एक बाई गाडी चालवते आहे, एवढंच. आवाज बंद करून तो प्रसंग बघा, भीती जागेवर राहत नाही.

आता मला यात सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट. खुनाचा तुकडा सोडला तर पूर्ण चित्रपटभर सगळ्या वाद्यांना म्यूट लावलेले आहेत. म्हणजे घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर) एक छोटा चिमटा बसतो, त्याने घोडीचं कंपन आवरलं जातं, आवाजातली चमक जाते आणि एक कोंदट, आत दाबलेला सूर उरतो. प्रेक्षकाला हे कळत नाही, पण त्याचा कान जवळजवळ पाऊण तास त्याच रंगाला सरावतो. मग न्हाणीघराचा पडदा बाजूला होतो, चाकू दिसतो, आणि पहिल्यांदाच सगळे म्यूट काढलेले असतात. म्यूट नसलेल्या तारांचा तो खरखरीत, चिरत जाणारा आवाज कानाला एकदम नवा असतो. आधी पहिली व्हायोलिनं, अगदी वरच्या टोकाला, खालून वर घसरत. मग दुसरी, मग व्हायोला, मग चेलो आणि बास, असे वरून खाली एकेक गट येत जातात आणि प्रत्येक जण आधीच्याशी भांडणारा सूर धरतो. मॅरियन भिंतीवरून घसरत खाली येते तेव्हा वरचं सगळं थांबतं आणि चेलो-बासचे जड, खर्जातले आघात राहतात. वाजवताना माझ्या हनुवटीखाली ते लाकूड थरथरतं, पुढचे दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही.

हा प्रसंग संगीताशिवाय ठेवायचं हिचकॉकच्या मनात होतं, हे वाचून आजही धडकी भरते. हर्मननी तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकनी मत बदललं. चित्रपटाचं बजेट तुटपुंजं होतं, पूर्ण वाद्यवृंद परवडणारा नव्हता. हर्मननी त्यातूनच मार्ग काढला: चित्र कृष्णधवल, तर आवाजही एकरंगी ठेवू. माझ्या मते चित्रपटसंगीतात काटकसरीचा इतका उत्तम उपयोग दुसऱ्या कुणी केलेला नाही.

आणखी एक. मोटेल चालवणारा नॉर्मन पहिल्यांदा चिडतो, आईला कुठेतरी ठेवायला हवं असं मॅरियन सुचवते तेव्हा, तिथे तीन सुरांची एक लहानशी आकृती येते. ती हर्मननी 1936 साली लिहिलेल्या स्वतःच्या सिन्फोनिएता या तंतुवाद्यांच्या रचनेमधून उचललेली आहे. चोवीस वर्षं ती त्यांच्याकडे पडून होती!

आजकाल अचानक मोठ्ठा आवाज करून दचकवतात. दचकणं वेगळं. ते शरीर करतं, दोन सेकंदांत ओसरतं. हर्मन आधी कान तयार करतात, ते काम कष्टाचं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

जुनी तबकडी:
आपल्याकडे भीती गाते, हे विसरू नका! 'महल' (1949), संगीत खेमचंद प्रकाश. 'आयेगा आनेवाला'ची सुरुवात लताबाईंनी दुरून माइककडे चालत येत गायली होती, ते त्यांनीच सांगितलं आहे. जवळ येणारा आवाज खराखुरा जवळ येत होता. मग 'बीस साल बाद' (1962), 'वह कौन थी' (1964). आपल्या भुतांना आवाज असतो आणि तो सुरेल असतो, म्हणूनच त्यांच्या मागे जावंसं वाटतं.

व्हायोला वसई:
जुनी तबकडी, अगदी खरं. त्या काळच्या मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांत कितीतरी जण गोव्याचे. माझे मामाही ताडदेवला रेकॉर्डिंगला जायचे. ते सांगायचे, भुताच्या गाण्यात व्हायोलिनं कधी पुढे यायची नाहीत, बाईंच्या आवाजाखाली नुसता थरार धरून ठेवायचा. हा थरार म्हणजे ट्रेमोलो, गज एकाच जागी झरझर हलवायचा. तोच गज घोडीला अगदी लागून चालवला की सुराचा गाभा जातो आणि काचेवर ओरखडा ओढल्यासारखा आवाज येतो. रातकिडा, तुमच्या व्हायोलिनवर करून बघा, सोपं आहे.

रातकिडा:
आत्ताच केलं. आई दुसऱ्या खोलीतून विचारत आली की काय झालं! खूप आभार. तीन सुरांची ती जागाही सापडली. आता पुढे काय ऐकू? कुबरिकच्या 'द शायनिंग'मध्येही असंच आहे का?

व्हायोला वसई:
'द शायनिंग'ची (1980) गोष्ट वेगळी. कुबरिकनी बरंचसं संगीत नवं लिहून घेतलं नाही, आधीच्या मैफिलीच्या रचना वापरल्या. त्यांतली बार्टोकची 'म्युझिक फॉर स्ट्रिंग्ज, परकशन अँड सेलेस्टा' (1936) आधी ऐका, तिसरा भाग. झायलोफोनवर एकच वरचा सूर, आधी सावकाश, मग जलद, मग परत सावकाश. खाली टिंपानीची (मोठ्या नगाऱ्यांची) मींड, तबलावादक डग्ग्यावर मनगट दाबून काढतो तशी. छोटा डॅनी तिनचाकी सायकल घेऊन 237 क्रमांकाच्या खोलीसमोर थांबतो तिथे हाच भाग आहे. बार्टोकच्या डोक्यात कुठलंही भूत नव्हतं, हे लक्षात ठेवून ऐका.

त्यानंतर पोलंडचे संगीतकार पेंडेरेत्स्की. 'थ्रेनडी', 52 तंतुवाद्यं. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपल्या वाद्यावर निघेल तो सर्वांत उंच सूर वाजवायचा असतो, कोणता ते लिहिलेलंच नाही. या रचनेचं आधीचं नाव फक्त तिची लांबी होती, 8 मिनिटं 37 सेकंद. हिरोशिमाचं नाव नंतर जोडलं गेलं. त्यांचीच 'पॉलिमॉर्फिया' (1961) 'द एक्झॉर्सिस्ट' आणि 'द शायनिंग' दोन्हींत आहे. इतका वेळ कल्लोळ झाल्यावर ती अखेरीस सी मेजर या स्वच्छ, सुरेल कॉर्डवर थांबते. त्या शेवटाआधी बंद करू नका.

खिडकीतला प्रेक्षक:
आणि आवाज माणसांचा हवा असेल तर 'द ओमेन' (1976). जेरी गोल्डस्मिथ यांनी लॅटिन प्रार्थनेचा अर्थ उलटा करून ती गायकवृंदाकडून गाऊन घेतली. त्यांना मिळालेलं एकमेव ऑस्कर याच चित्रपटासाठी.

जुनी तबकडी:
'तुंबाड'ही (2018) यादीत घाला. कोकणातली गोष्ट, पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर कीड यांचं. पावसाचा आवाज आणि वाद्यवृंद यांची सीमारेषा शोधत बसा, मजा येते.