‘स्वान लेक’ची लय ठरवायची कोणी? कंडक्टरने की बॅलेरिनाने?

उत्तररात्र (धागाकर्ता)
परवा एका मोठ्या बॅले कंपनीच्या ‘स्वान लेक’चं चित्रण पाहिलं आणि चिडलो. दुसऱ्या अंकातला ओडेट (हंस झालेली नायिका) आणि राजपुत्राचा अडाजिओ, म्हणजे संथ लयीतला नाच. एकटं व्हायोलिन, मागे हार्प, नंतर चेलो येऊन मिळतो. आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं संगीत बहुधा हेच. ते इतकं ओढलं होतं की सुरावट राहिलीच नाही, नुसते सुटे स्वर राहिले. बॅलेरिना एका पायावर, दुसरा पाय कानापाशी, आणि बिचारा व्हायोलिनवाला तो पाय खाली यायची वाट बघत गज ओढतोय.

संगीतकार चायकोव्हस्कीने तिथे ‘आंदान्ते’ लिहिलंय, म्हणजे चालण्याची लय. थांबण्याची नव्हे.

घरी येऊन कंडक्टर अंताल दोरातीने १९५०च्या दशकात मिनिआपोलिस सिम्फनीकडून वाजवून घेतलेलं संपूर्ण ‘स्वान लेक’ लावलं. मोनो आहे, जुनं आहे, पण काय जिवंत! माझं मत सरळ आहे: बॅलेचं संगीत खरं ऐकायचं तर नर्तकांपासून दूर जाऊन ऐकावं. रंगमंचावर त्याची फक्त हमाली होते.

पॉइंटवाली
साफ असहमत. ‘नर्तकांपासून दूर’ असं काही संगीत मुळात लिहिलंच गेलं नव्हतं. ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी (१८९०) नृत्यरचनाकार पेतिपाने चायकोव्हस्कीला टिपणं दिली होती: इथे इतके बार (तालाची आवर्तनं), इथे हा ठेका, इथे असा भाव. त्या मापात बसवून त्याने ते लिहिलं. मापं घेऊन शिवलेला कपडा खुंटीवरच छान दिसतो असं कोणी म्हणतं का?

मी बरीच वर्षं बॅले शिकले, त्यामुळे एक रोकडा हिशोब सांगते. ३० सेंटिमीटर उंच उडी मारली की माणूस साधारण अर्धा सेकंद हवेत असतो. ४५ सेंटिमीटर मारली की सुमारे ०.६ सेकंद. हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. कंडक्टरने कितीही कांडी फिरवली तरी मी लवकर खाली येणार नाही. उंच उडी मारणाऱ्याला तुम्ही जलद लय दिलीत तर एक तर तो उडी कापेल, नाहीतर तालाच्या मागे उतरेल. चांगला कंडक्टर पहिली उडी बघतो आणि तिथून लय धरतो.

आणि मंद लय म्हणजे सवलत वाटते का तुम्हाला? बोटांच्या टोकावर जास्त वेळ उभं राहायचं असतं हो! ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या ‘रोझ अडाजिओ’त चार राजपुत्रांचे हात एकेक करून सोडायचे आणि मधे तोल सांभाळायचा. तिथे जलद लय मिळाली तर उलट सुटल्यासारखं वाटतं.

सप्तकातला वाटसरू
नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकलं होतं. इथे नाच उत्तम आणि ऑर्केस्ट्रा वाकडा. वाचतोय, चालू द्या.

उत्तररात्र
@पॉइंटवाली, उडीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण अडाजिओत उडी कुठे आहे? तिथे प्रश्न पाय किती वर न्यायचा याचा आहे, आणि ती फॅशन आहे, भौतिकशास्त्र नाही. नृत्यरचनाकार अलेक्सेई रातमान्स्कीने जुन्या स्तेपानोव्ह नोटेशनवरून (नाच कागदावर उतरवायची लिपी) ‘स्लीपिंग ब्यूटी’ (२०१५) आणि ‘स्वान लेक’ (२०१६) पुन्हा उभे केले. ती नोटेशन्स पेतिपाच्या काळातल्या नाचाची, सध्या हार्वर्डला आहेत. त्याने काय केलं? पाय खाली आणले आणि लय वाढवली. दोन्ही एकदम. पाय जितका वर, तितका वेळ जास्त. आणि तो वेळ चायकोव्हस्कीच्या खिशातून काढलेला आहे.

चेलोचा पेटारा
धागाकर्त्याला एक पुरावा माझ्याकडून भेट. तो अडाजिओ मुळात नाचासाठी नव्हताच! चायकोव्हस्कीने १८६९मध्ये ‘उंदिना’ नावाचा ऑपेरा लिहिला होता. तो स्वीकारला गेला नाही, पुढे त्याने स्वतःच हस्तलिखित नष्ट केलं. त्यातलं प्रेमिकांचं युगुलगीत त्याने ‘स्वान लेक’मध्ये आणलं. तिचं गाणं व्हायोलिनकडे गेलं, त्याचं चेलोकडे. म्हणजे ही सुरावट श्वासाच्या मापाची आहे. आजच्या रंगमंचावरच्या लयीत एखाद्या गायिकेला गायला सांगा. ओळ संपायच्या आत दम संपेल.

मी ऑर्केस्ट्रात बसतो. हौशी आहे, पण बसतो. अशा लयीत गज पुरवून वापरावा लागतो, महिनाअखेरच्या पगारासारखा.

पॉइंटवाली
‘उंदिना’चा मुद्दा सुंदर आहे, पण तो माझ्या बाजूचाही आहे! चायकोव्हस्कीला स्वतःलाच ते गाणं जसंच्या तसं पवित्र वाटलं नाही. त्याने त्यातून नाच काढला. आणि आपण ज्याला ‘स्वान लेक’ म्हणतो ते १८७७चं मॉस्कोतलं नाहीच. ते १८९५चं पीटर्सबर्गचं, पेतिपा आणि इवानोव्हचं. संगीतकार जाऊन वर्षाहून जास्त काळ झाला होता. तिथला कंडक्टर रिकार्दो द्रिगोने संगीत कापलं, हलवलं, चायकोव्हस्कीच्याच पियानोच्या तीन रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहून आत घातल्या. काळ्या हंसिनीचा प्रसिद्ध पा-द-द्यू (दोघांचा नाच) मूळ पहिल्या अंकातला आहे. बॅलेरिना प्येरिना लेन्यानीचे ते ३२ फुएते (एका पायावरच्या गिरक्या) त्याच नव्या मांडणीत आले. तुमच्या तर्काने हे सगळं फेकून द्यावं लागेल. मग नाव तरी कोणाच्या लक्षात राहिलं असतं या बॅलेचं?

आणखी एक. तुमचा तो दोराती. तो १९३०च्या दशकात बॅले रूस द मॉन्टे कार्लोचा कंडक्टर होता, नंतर अमेरिकेत बॅले थिएटरचा संगीत संचालक. ज्याला तुम्ही ‘नर्तकांपासून दूर’ म्हणून डोक्यावर घेतलंत, तो माणूस पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात, वाढलेला आहे. ती लय त्याला पायांनी शिकवली.

उत्तररात्र
हे माहीत होतं, पण या बाजूने विचार केला नव्हता. हं. ‘दूर जाऊन ऐकावं’ हे वाक्य मागे घेतो.

पण बघा, यातून सिद्ध काय होतं? त्या पिढीचे नर्तक त्या लयीत नाचत होते. म्हणजे हळू वाजवणं ही नाचाची गरज नाही, आजच्या नाचाची हौस आहे. तक्रार तीच, फक्त आरोपी बदलला.

चेलोचा पेटारा
@उत्तररात्र, ‘हौस’ म्हणून निकालात काढू नका. १९४०मध्ये लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरच्या नर्तकांना प्रोकोफिएव्हचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाचता येण्याजोगं वाटत नव्हतं. तक्रार अशी की रंगमंचावर ऑर्केस्ट्रा ऐकूच येत नाही. संगीतकाराला कुरकुरत काही जागी वाद्यं वाढवावी लागली. तक्रार करणाऱ्यांत ज्युलिएट नाचणारी उलानोवा होती! तीच मग १९५६मध्ये मॉस्कोचं बोल्शोई बॅले लंडनला गेलं तेव्हा ४६व्या वर्षी ज्युलिएट नाचली. चित्रपट आहे त्या बॅलेचा, १९५५चा, जरूर पाहा. ती धावते तेव्हा पाय संगीतावर पडत नाहीत, संगीत तिच्या मागून येतं असं वाटतं. तिथे लय कोणाची, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

नवखा०७
वाद छान, पण माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तररात्र
दोराती. मग ‘सिल्व्हिया’ आणि ‘जिझेल’ या बॅलेंसाठी कंडक्टर रिचर्ड बॉनिंग. ‘सिल्व्हिया’ ऐकल्यावर चायकोव्हस्कीने त्याच्या शिष्याला, तानेयेव्हला, लिहिलं होतं की हे आधी कळलं असतं तर मी ‘स्वान लेक’ लिहिलंच नसतं. संगीतकार मिंकुस मात्र सोडा. त्याचं ‘ला बायादेर’ नुसतं ऐकणं म्हणजे ठेक्यावर ठेका.

पॉइंटवाली
मिंकुस मुळीच सोडू नका, पण नुसता ऐकू नका. ‘ला बायादेर’मधला छायांचा प्रवेश बघा. उतारावरून एकेक नर्तकी येते, कुठे २४, कुठे ३२, आणि प्रत्येक जण तोच अरबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणणं), तीच दोन पावलं पुढे. संगीतही तेच, परत तेच. कागदावर कंटाळवाणं. शेवटची खाली पोहोचेपर्यंत पाहणाऱ्याला भूल पडलेली असते. तिथे संगीताने जरा जास्त हुशारी केली असती तर सगळं मोडलं असतं.

उत्तररात्र
बघतो. आवाज बंद करून.

नवखा०७
दोराती लावला. मग छाया पाहिल्या, आवाज चालू ठेवून. पहिल्याला टाच आपोआप हलत होती, दुसऱ्याला अंग हलवावंसंच वाटेना. आता मला कोणाच्या बाजूला मोजायचं ते तुम्हीच ठरवा.