लांबच्या टूरसाठी बाइकवर सामान कसं लावावं? मदत हवी आहे

मंडळी, आजवर सकाळी निघून रात्री घरी, एवढंच रायडिंग केलंय. आता आठ-दहा दिवसांची ट्रिप ठरतेय, आणि बाइकवर काय काय चढवावं यात पार गोंधळ झालाय.

मुख्य अडचण सामानाची. मागे टॉप बॉक्स लावून पाहिला. तो मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे येतो, त्यामुळे जड भरला की पुढचं चाक हलकं वाटतं आणि वेगात हँडल किंचित डोलतं. म्हणून सॅडल बॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) घेतल्या. पहिल्याच फेरीत उजव्या बॅगेचा खालचा कोपरा सायलेन्सरला टेकून वितळला! आत रेनकोट होता, त्यालाही रुपयाएवढं भोक पडलंय. आता सॅडल स्टे (बॅगा बाइकपासून दूर धरणारी लोखंडी चौकट) लावून बॅगा बाहेर ढकलाव्यात, की उजवी बॅग वर उचलून बांधावी? तुम्ही काय केलंत?

दुसरं, फॉग लाइट. २० वॅटचे दोन लावायचेत, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर. रिले (लाइटचा करंट बटणातून न जाऊ देणारा स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज टाकणारच आहे. पण शिवाय मोबाइल चार्जरही चालणार. हळू चालवताना बॅटरी उतरते का?

क्रॅश गार्ड आहे. सीटचं नंतर बघू, पाठ अजून साथ देतेय.

आणि हो, मागे बायको बसणार आहे. तेव्हा 'सगळं मागच्या सीटवर बांध' हा सल्ला कृपया नको.