प्रति: ब्रोशरमध्ये पिकअपचे आकडे का नसतात?

गाडी ० ते १०० किमी वेगाला किती सेकंदात पोचते, म्हणजे तिचा पिकअप, हा वेळ बहुतेक ब्रोशरमध्ये सापडत नाही, ही मूळ पोस्टमधली तक्रार खरी आहे. कंपन्यांनी तो छापायलाच हवा. पण छापलेल्या आकड्यांतही टॉर्कपुढचा (टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, फारसं कुणी बघत नाही. पूर्ण ओढ जितक्या कमी फेऱ्यांवर मिळते, तितकी गाडी कमी वेगात जोरात खेचते. मागच्या पिढीच्या स्विफ्टचा टॉर्क ११३ एनएम (न्यूटन-मीटर), तोही ४४०० आरपीएमला. व्हेन्यू १.० टर्बोचा १७२, आणि तो १५०० पासूनच! गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढताना, गाडीत चार माणसं, एसी चालू, पुढे ट्रक, तेव्हा हा फरक लगेच कळतो. छापलेलं एआरएआयचं (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं) मायलेज तर रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून मोजलेलं. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह नुसत्या हायवेवर घेऊ नका. पणजीत असाल तर आल्तिनो टेकडीचा चढ मागा, घरची माणसं सोबत बसवून.