मदत हवी: नावात फक्त मराठी अक्षरंच आहेत का ते तपासायचंय, पण प्रोग्राम 'केळी'लाच नापास करतोय

तापीकाठ

राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमचा केळी उत्पादकांचा छोटा गट आहे. काट्यावर माल आला की पावती होते: नाव, गाव, शेरा, घड, वजन, भाव. पावत्यांचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिलाय. मी बी.कॉम. आहे, पायथन व्हिडिओ बघून शिकलो, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड शब्दांत सांगतो.

रात्री सगळ्या पावत्या एका फाइलीत जातात. रकाने वेगळे करायला उभी रेष ( | ) वापरलीय. काट्यावर दोन पोरं टाइप करतात. त्यांतल्या एकाला वाक्य संपलं की दंड द्यायची सवय, आणि दंड म्हणून तो तीच उभी रेष मारतो. "माल चांगला|" असा शेरा पडला की पुढचे रकाने एकेक घर सरकतात. मागच्या आठवड्यात एका काकांचं वजन भावाच्या खाली जाऊन बसलं आणि त्यांची पट्टी लाखांच्या पलीकडे गेली. काका खूश होते, आम्ही नव्हतो.

म्हणून ठरवलं, नाव, गाव आणि शेरा यांत फक्त मराठी अक्षरं, मोकळी जागा आणि टिंब चालेल, बाकी काही आलं की पावती अडवायची. आधी नको असलेल्या चिन्हांची यादी केली, पण ती संपेचना. रेष बंद केली की स्वल्पविराम यायचा, तो बंद केला की स्टार. मग उलटं केलं. रेजेक्समध्ये (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते तपासायची पद्धत) चौकोनी कंसात [अ-ह ] लिहिलं. वर्णमाला अ पासून ह पर्यंत, म्हणजे सगळं आलं, असा माझा हिशोब.

तर मदन, भरत, कमल पास. बाकी अख्खं गाव नापास. गंमत म्हणून जिल्ह्यातल्या पंधराही तालुक्यांची नावं घालून बघितली. जळगावपासून चाळीसगावपर्यंत एकही पास झालं नाही!

मग कुणीतरी 'इज-अल्फा' हे फंक्शन सुचवलं. ते 'क'ला हो म्हणतं, 'ळ'ला हो म्हणतं आणि 'केळी'ला नाही म्हणतं. खान्देशात बसून केळीला नाही म्हणणारा प्रोग्राम कोणाला दाखवू?

शेवभाजी

+१. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे कापूस आहे. 'कापूस' पण नापास.

भुसावळ_यार्ड

तापीकाठभाऊ, चूक तुमची एकट्याची नाही. आपण 'के'ला एक अक्षर म्हणतो, कॉम्प्युटर त्याला दोन म्हणतो: आधी क, मग एकटी मात्रा. 'केळी'ची लांबी 'लेन'ने मोजा, चार येईल. क, एकार, ळ, दीर्घ वेलांटी.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या चिन्हांच्या यादीत, प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक जात दिलेली असते. क, ळ, अ यांची जात 'अक्षर'. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांची जात 'खूण'. इज-अल्फा फक्त अक्षर जातीला हो म्हणतं. इंग्रजीत 'खूण' क्वचितच लागते, म्हणून तिकडे कोणाला खटकत नाही. पायथनच्या 'री' मॉड्यूलमधलं 'बॅकस्लॅश डब्ल्यू'सुद्धा याच कारणाने केळीवर अडतं.

तुमच्या [अ-ह]चंही तेच. युनिकोडच्या रांगेत अ ०९०५ वर आणि ह ०९३९ वर आहे. काना ०९३ई पासून पुढे सुरू होतो, अनुस्वार ०९०२ वर म्हणजे अ च्या आधी बसलाय. तुमच्या कंसात फक्त मात्रा नसलेली नावं मावतात. म्हणून मदन पास झाला, त्याचं नशीब.

एक मजेची गोष्ट. पायथनला विचारा की 'केळी' हे व्हेरिएबलचं नाव चालेल का ('इज-आयडेंटिफायर'). तो हो म्हणतो! व्हेरिएबल म्हणून केळी चालते, शब्द म्हणून चालत नाही.

कांदेबाग७

एवढा विचार कशाला? देवनागरीचा पूर्ण पट्टा ०९०० ते ०९७एफ, एकशे अठ्ठावीस जागा. तो कंसात टाका, मोकळी जागा आणि टिंब टाका, झालं. आमच्या दूध डेअरीत असंच चालू आहे.

भुसावळ_यार्ड

चालेल, पण त्या पट्ट्यात ०९६४ वर दंड आणि ०९६५ वर दुहेरी दंड आहे, ०९६६ पासून ०९६एफ पर्यंत मराठी आकडे आहेत, मध्ये वैदिक स्वरांच्या खुणाही आहेत. नावात 'पाटील५' आलं तर तेही पास होईल. मी असतो तर ०९०१ ते ०९४डी घेतलं असतं आणि वर ०९७२ एकटा जोडला असता. तो ०९७२ म्हणजे आपला 'ॲ', ॲडव्होकेटमधला. ही सोय युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये आली, म्हणून तो रांग सोडून लांब बसलाय.

आणखी एक: 'मॅच' वापरू नका, 'फुलमॅच' वापरा. मॅच फक्त सुरुवात बघतं, शेवटी रेष असली तरी हो म्हणेल. शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं तरी ओळ तोडणारं एक अदृश्य चिन्ह त्याच्या मागे लपून जातं. एक्सेलमधून चिटकवलेल्या नावांत ते हमखास असतं.

तापीकाठ

भाऊ, जमलं! पंधराही तालुके पास. 'केळी' पास. रेषवाला शेरा अडला. काट्यावरच्या पोराने मला दोन शिव्या दिल्या, म्हणजे काम होतंय.

पण एक कोडं पडलंय. आमच्याकडे बऱ्हाटे आडनावाची चार-पाच घरं आहेत. त्यांतले दोन जण पास होतात, बाकीचे नापास. स्क्रीनवर अक्षर न् अक्षर सारखं दिसतं. लांबी मोजली तर पास होणाऱ्यांची सात येते, नापास होणाऱ्यांची आठ. माल बऱ्हाणपूरला जातो तेव्हा गावाच्या नावाचंही तसंच होतं. आठवं अक्षर कुठे लपलंय?

शेवभाजी

काय व्हयनं भो, भूत शे का काय त्या आडनावात?

सातपुडा

भूत नाही, जोडक आहे. हा 'ऱ्ह' मराठीत दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, खास मराठीसाठी ठेवलेला ऱ (०९३१), मग हलन्त, मग ह. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र मारला की तो येतो. दुसरा, साधा र, हलन्त, आणि मग डोळ्याला न दिसणारं एक चिन्ह, २००डी, नाव 'झिरो विड्थ जॉइनर', आणि त्यानंतर ह. 'बऱ्हाटे' सातांचा, 'बर्‍हाटे' आठांचा. कोणत्या कीबोर्डवर टाइप केलंय त्यावर ठरतं. २००डी देवनागरीच्या पट्ट्यात नाही, म्हणून तुमचा कंस त्याला परका समजतो.

कांदेबाग७

मग सोपं आहे. तपासायच्या आधी सगळी अदृश्य चिन्हं उडवून टाका.

तापीकाठ

(दुसऱ्या दिवशी) कांदेबाग७ यांचं ऐकलं आणि तोंडावर पडलो. अदृश्य चिन्ह उडवल्यावर सगळे बऱ्हाटे पास झाले, पण निम्म्यांच्या पावतीवर 'बर्हाटे' छापून आलं, ह च्या डोक्यावर रफार. त्यांतले एक निवृत्त गुरुजी. पावती घेऊन थेट काट्यावर आले, "कारे भाऊ, माह्या डोक्यावर हा रफार कामून चढवला?" पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. लाल पेनाने गोल करूनच आणली होती पावती.

सातपुडा

गुरुजी बरोबर आहेत. ते अदृश्य चिन्ह रिकामं बसलेलं नसतं, र ला रफार होऊ न देणं हेच त्याचं काम. ते काढलं की र् आणि ह नियमाप्रमाणे रफार करतात. उडवायचं नाही, बदलायचं: 'र, हलन्त, २००डी' ही तिकडी दिसली की तिच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं. एका 'रिप्लेस'चं काम आहे. बदलून झाल्यावरही २००डी कुठे उरलं, तर ते मात्र अडवा.

त्याच ओळीत पायथनच्या 'युनिकोडडेटा'मधलं 'नॉर्मलाइज' एनएफसी पद्धतीने (सुटे तुकडे जोडून एक चिन्ह करणारी) चालवा. कोणी र च्या खाली नुक्ता देऊन ऱ केला असेल, तर त्याचा एकसंध ऱ होतो. पण एनएफसी जोडकाला हात लावत नाही, ते रिप्लेस तुम्हालाच करावं लागेल.

आणि हेही एनएफसीने सुटत नाही: काही जुन्या याद्यांत 'आ'ऐवजी 'अ' आणि काना असे दोन तुकडे असतात. 'अाबा' आणि 'आबा' दिसायला सारखेच, शोधायला गेलं की एक सापडत नाही. 'अॅ' आणि 'ॲ' यांचंही तेच. तुमच्या यादीत दोन्ही तुकडे चालणारे आहेत, त्यामुळे तपासणी पास करेल आणि एकाच आबांची दोन खाती उघडतील. या जोड्याही बदलायच्या यादीत टाका.

रावेर_लोडिंग

मध्येच बोलतो. माणसाचं नाव अडवणं मुळातच चुकीचं आहे असं माझं मत. आमच्याकडे परप्रांतातले ड्रायव्हर असतात, कोणाचं नाव इंग्रजीतच लिहून आलेलं असतं, कोणाच्या नावात जोडरेघ असते. माणूस उन्हात काट्यासमोर उभा आणि प्रोग्राम म्हणतो तुझं नाव चालत नाही. तुमची खरी अडचण रेषेची आहे ना? मग फाइल लिहिताना पायथनचं 'सीएसव्ही' मॉड्यूल वापरा. रेष मजकुरात आली तर ते मजकूर अवतरणात गुंडाळतं, रकाने सरकत नाहीत.

तापीकाठ

दादा, ते पटलं. फाइल आता सीएसव्ही मॉड्यूलनेच लिहीन. तरी तपासणी ठेवणार आहे, कारण मागच्या सालची एक यादी जुन्या फॉन्टमधली आहे. ती चिटकवली की स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा दिसतो आणि पोरं तसाच जतन करतात. ड्रायव्हरचं नाव मात्र मोकळं सोडतो, तिथे कंस लावत नाही.

भुसावळ_यार्ड

तपासणी ठेवणार असाल तर 'नाव चुकीचं आहे' एवढंच म्हणू नका. गुरुजींसारखा गोल करून दाखवा. रेजेक्स बाजूला ठेवा, चालणाऱ्या अक्षरांचा एक 'सेट' करा, मजकुरातलं एकेक चिन्ह घ्या, सेटमध्ये नसेल तर त्याचा क्रमांक आणि 'युनिकोडडेटा'मधलं नाव छापा. रेष आली तर 'व्हर्टिकल लाइन' दिसेल, खरा दंड आला तर 'देवनागरी दंडा' दिसेल, अदृश्य आलं तर 'झिरो विड्थ जॉइनर'. पोरांना इंग्रजी नको असेल तर या चार-सहा नावांना मराठी नावं द्या, "सहावं चिन्ह उभी रेष आहे, टिंब द्या" असं.

शेऱ्यात आणखी एक येणार बघा. 'स्वतः' लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी कोलन देतात. तो अडवू नका, त च्या मागे कोलन आला तर गुपचूप विसर्ग करून टाका. कोणाला कळणारही नाही.

तापीकाठ

'माल स्वत: आणला' असे तेवीस शेरे सापडले!! तुम्ही आमच्या काट्यावर येऊन गेलात का?

सेटवाला प्रकार बसवला. गुरुजींची पावती नवीन छापून घरी नेऊन दिली. चष्मा लावून बघितली, चहा पाजला, आणि आता म्हणतात 'शेरा'खाली 'उत्तम'च्या जागी 'ऊत्तम' लिहिलंय तेही प्रोग्रामने पकडायला हवं होतं. त्यांना सांगितलं, चालणारी अक्षरं तपासता येतात, शुद्धलेखन तुमच्याकडेच राहू द्या.

शेवभाजी

माझा 'कापूस'ही पास झाला, धन्यवाद सगळ्यांना. एक राहिलं, मोबाइल नंबरसाठी मी 'इज-डिजिट' लावलंय. ते बरोबर आहे ना?

भुसावळ_यार्ड

इज-डिजिट मराठी आकड्यांनाही हो म्हणतं. 'इंट' केलंत तरी '४५'चे पंचेचाळीस बरोबर होतात, म्हणून वजनात अडचण येत नाही. मोबाइल नंबर मात्र तुम्ही मजकूर म्हणून ठेवत असाल. मेसेज पाठवणाऱ्या सेवेला मराठी आकडे कळतील असं धरून चालू नका. आधी सगळे आकडे इंग्रजी करून घ्या, मग फक्त ते दहाच चालतील असा कंस लावा.

शेवभाजी

अरे देवा. म्हणूनच त्या सहा जणांना मेसेज जात नव्हते. आत्ता बसतो.