तेलाचा तवंग: मॉडेल म्हणतं पूर्वेला, उपग्रह दाखवतो आग्नेयेला

निळा_नकाशा

नमस्कार मंडळी,

समुद्रात सांडलेल्या तेलाचा तवंग कुठे सरकेल याचा अंदाज उपग्रहांच्या माहितीवरून बांधायचा, असा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. उत्तर गोलार्धातली, किनाऱ्यापासून बरीच आत घडलेली एक जुनी गळती निवडली आहे. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या दोन रडार प्रतिमा मिळाल्या. एक पहाटेची, दुसरी त्यानंतर ६० तासांनी संध्याकाळची.

पहिल्या प्रतिमेतला काळा डाग घेऊन त्याच्या मध्यबिंदूपासून सुरुवात केली. वारा पश्चिमेकडून, सरासरी ७ मीटर प्रति सेकंद. त्याच्या ३ टक्के वेगाने तेल सरकतं असं धरलं. प्रवाह उंचीमापक उपग्रहांवरून काढलेल्या रोजच्या नकाशातला, पूर्वेकडे जेमतेम ५ सेंटिमीटर प्रति सेकंद. वाऱ्याचे ४५ आणि प्रवाहाचे ११ मिळून तेल ५६ किलोमीटर पूर्वेला जायला हवं होतं.

दुसऱ्या प्रतिमेत डागाचा मध्य आहे ४६ किलोमीटर पूर्वेला आणि २० किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे २२ किलोमीटरची चूक. शिवाय डाग तिप्पट मोठा झालाय.

भरती-ओहोटी मी धरलेलीच नाही, त्यामुळे दोष तिचाच असणार असं वाटतंय. तिचं मॉडेल जोडायचं तर तीन आठवडे जातील. जोडू का?

जुनी_लाट

तीन आठवडे वाचवा. भरती-ओहोटीचं मुख्य चक्र १२ तास २५ मिनिटांचं. ६० तासांत जवळजवळ पाच फेऱ्या होतात, म्हणजे तेल पुढे जातं, मागे येतं आणि बहुतेक होतं तिथेच परततं. किनाऱ्यापासून इतक्या आत, खोल पाण्यात, तिचा जोरही कमी असतो. खाडीच्या तोंडाशी पुढच्या सहा तासांचा अंदाज द्यायचा असता तर मी उलटं सांगितलं असतं. तिथे भरती-ओहोटीशिवाय पान हलत नाही.

तुमची चूक दक्षिणेकडे आहे, वारा पूर्वेकडे वाहतोय. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं, आणि पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो. उंचीमापकाच्या नकाशात हे वळण नसतं. समुद्राच्या पृष्ठभागाचा उतार मोजून त्यावरून जो प्रवाह निघतो तेवढाच त्यात असतो, वाऱ्याने ओढून नेलेलं पाणी नसतं. वाऱ्याचा ३ टक्क्यांचा भाग १५ अंशांनी उजवीकडे वळवून बघा. ४५ किलोमीटरवर साधारण १२ किलोमीटर दक्षिणेचे तिथेच निघतील.

एक इशारा. उद्या पूर्ण सागरी मॉडेलचे तासातासाचे प्रवाह घ्याल तर त्यात वाऱ्याने ओढलेलं पाणी आधीच असतं. लाटांमुळे तेलाचं होणारं वाहणं वेगळं जोडलंत तर ३ टक्के कमी करून २ च्या आसपास आणावे लागतात. नाहीतर एकाच वाऱ्याचं भाडं दोनदा वसूल होतं.

आता खरा प्रश्न. दुसरी प्रतिमा घेतली त्या क्षणी वारा किती होता? साठ तासांची सरासरी नको.

(तुमच्या बाबतीत हे झालेलं दिसत नाही, पण सांगून ठेवतो. हवामानवाले वारा कुठून येतो ते सांगतात, समुद्रवाले प्रवाह कुठे जातो ते सांगतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या मॉडेलमधलं तेल रात्रभर वाऱ्याच्या तोंडावर चालत गेलं होतं. सकाळी साहेबांनी नकाशा पाहून एवढंच विचारलं, "याला इंजिन बसवलंय का?")

निळा_नकाशा

हाहा. धन्यवाद सर. आत्ताच पाहिलं. दुसऱ्या प्रतिमेच्या वेळी वारा पडला होता. डागाच्या उत्तर भागात ५ च्या आसपास, दक्षिण टोकाला २ मीटर प्रति सेकंद. त्याने काय फरक पडतो?

जुनी_लाट

तिथेच तर गोम आहे. रडारला तेल दिसत नाही, खडबडीत पाणी दिसतं. सेंटिनेलच्या रडारची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटर. पाण्यावरच्या साधारण तेवढ्याच बारीक लहरींवरून संदेश परततो. तेल त्या लहरी दाबून टाकतं, म्हणून तवंग काळा दिसतो. पण वाराच पडला तर लहरी उठतातच कुठे? २ मीटरच्या वाऱ्यात स्वच्छ पाणीही तितकंच काळं दिसतं. उलट १२-१४ च्या वर वारा गेला की लाटा तेल घुसळून खाली नेतात आणि खरा तवंगही पुसट होतो. भरवशाचा पट्टा साधारण ३ ते १० चा.

म्हणजे तुमच्या तिप्पट डागातला दक्षिणेचा हिस्सा तेल नसून निवांत पाणी असण्याची शक्यता दांडगी. तोच मध्यबिंदूला दक्षिणेकडे ओढतोय. तीनच्या खालच्या वाऱ्याचा भाग कापा आणि मध्य पुन्हा काढा.

आणि मध्यबिंदूवरून सुरुवात करू नका. मॉडेलमध्ये डागाच्या पूर्ण आकारात हजारभर कण सोडा, प्रत्येकाला थोडा वेगळा वारा द्या. ओपनड्रिफ्ट किंवा नोआ या अमेरिकी सागर-हवामान संस्थेचं ग्नोम, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि दोन्हींत हे करता येतं. उत्तर ठिपक्यात न येता ढगासारखं येईल, पण तेच प्रामाणिक.

डेकवरचा

मी मॉडेलवाला नाही, टँकरवर अकरा वर्षं काढली आहेत. थोडं अवांतर होईल.

तुम्ही नकाशावर डाग काढता, आम्हाला डाग कधीच दिसला नाही. दिसतात ते वाऱ्याच्या दिशेने पडलेले पट्टे, मध्ये स्वच्छ पाणी, परत पट्टा. आधी वास येतो, मग चकाकी. एकदा पहाटेच्या वॉचला जहाज अशा पट्ट्यांतून गेलं. जाड पट्टा तपकिरी, पाणी शोषून फुगलेला, शिळ्या खिरीसारखा. त्यावरून लाट जाताना फुटतच नव्हती, नुसती उचलून खाली बसत होती.

रंगावरून जाडी सांगायचा तक्ता आम्हाला शिकवला होता, उत्तर समुद्रातल्या प्रदूषणासाठी युरोपीय देशांनी केलेल्या बॉन कराराचा. रुपेरी चकाकी म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन, इंद्रधनुष्य ५ पर्यंत, आणि तेलाचा खरा रंग सलग दिसला की २०० च्या वर. हिशोब करून बघा. एक चौरस किलोमीटरवर ०.१ मायक्रॉनची चकाकी म्हणजे १०० लिटर तेल. तेवढ्याच जागेवर २०० मायक्रॉन म्हणजे २ लाख लिटर. तुमच्या रडारवर दोन्ही काळेच ना? मग सफाईची बोट कुठे पाठवायची?

जुनी_लाट

@डेकवरचा, हे अवांतर नाही, हेच दुखणं आहे. साध्या रडार प्रतिमेतून जाडी सांगता येत नाही. दिवसा आकाश मोकळं असेल तर प्रकाशीय उपग्रहाची मदत होते, नाहीतर विमान पाठवावं लागतं. आणि तो फुगलेला तपकिरी प्रकार मॉडेललाही छळतो. त्यात पाऊणपर्यंत पाणी असू शकतं, त्यामुळे तेल उडून कमी होत असलं तरी गोळा करायचा ऐवज वाढत जातो.

उपग्रहाची खरी कमाई वेगळी आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन दुर्घटनेतली तेलविहीर ८७ दिवस वाहत होती. लूप प्रवाहात, म्हणजे त्या आखातातून वळसा घेऊन जाणाऱ्या जोरदार सागरी प्रवाहात, तेल सापडलं तर फ्लोरिडाला वळसा घालून अटलांटिकमध्ये जाईल, अशी धास्ती होती. तेव्हा मॉडेलवाल्यांनी एकच अंदाज पुढे रेटला नाही. नवी प्रतिमा आली की तवंगाचा नवा आकार मॉडेलमध्ये टाकायचा आणि तिथून पुन्हा सुरुवात करायची. नशिबाने त्या प्रवाहातून एक मोठा भोवरा तुटून वेगळा झाला आणि अटलांटिकची वाट बरीचशी बंद झाली. हा तुटलेला भोवरा उंचीमापकाच्या नकाशात दिसत होता. म्हणून त्या नकाशांना अगदी नावं ठेवू नका, मोठे भोवरे त्यांनीच दाखवावेत.

निळा_नकाशा

सगळं करून पाहिलं. शांत पाण्याचा भाग कापल्यावर डागाचा मध्य ४८ किलोमीटर पूर्वेला आणि १४ दक्षिणेला आला. १५ अंशांचं वळण देऊन मॉडेल ५४ आणि १२ वर पोचलं. २२ ची चूक ६-७ किलोमीटरवर आली! कोन निकाल बघून जुळवला नाही, तुम्ही सांगितला तोच ठेवला.

जुनी_लाट

छान. आता मजा घालवतो. वारा कुठला वापरलात? नंतर सगळी निरीक्षणं घालून तयार केलेला, की त्या पहाटे ज्याचा अंदाज हातात होता तो?

निळा_नकाशा

नंतरचा. 😐

...

त्या पहाटेचा जुना अंदाज शोधून पुन्हा चालवलं. चूक १९ किलोमीटर. वारा पडणार हे त्या अंदाजात नव्हतंच.

जुनी_लाट

प्रबंधात हाच आकडा आधी लिहा, ७ चा त्याच्या खाली.