अनुभव धागा: इंजिनातला तो आवाज शेवटी कुठे सापडला?

दोन आठवडे एका टिकटिकीच्या मागे लागलो होतो, काल सापडली, म्हणून हा धागा. तुमच्या स्पोर्ट्स कारला असा आवाज आला असेल तर लिहा. फक्त 'खडखड होती, पार्ट बदलला' एवढंच नको, आवाज केव्हा यायचा ते आधी सांगा. इंजिन थंड की गरम, आयडलला (पाय न देता जागेवर चालू) की रेस दिल्यावर, क्लच दाबला की बदलतो का. निम्मं निदान तिथेच होतं असं माझं ठाम मत झालंय.

माझं असं: सहा सिलिंडर, सकाळी थंड स्टार्टला डावीकडून टिकटिक, रेस दिली की वाढायची आणि पाच-सात मिनिटांत गायब. सगळे म्हणाले टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) गेले, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उतरवावा लागेल. मला पटेना. शेवटी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) कडेने फिरवलं (हात आणि नळी बेल्टपासून लांब ठेवा!), मागच्या सिलिंडरपाशी फट्फट् हवा थेट कानात. मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टड (बोल्ट) तुटला होता, बाजूला काजळीची रेघ. धातू तापून फुगला की फट बुजायची, म्हणून आवाज बंद व्हायचा.

*

माझ्या गाडीत न्यूट्रलला, आयडलवर घरघर, आणि क्लच दाबला की एकदम शांत. इंजिन इंजिन करत महिना घालवला, पण क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद आत घेणारा दांडा) फिरायचा थांबतो, इंजिन तर चालूच असतं ना. इनपुट शाफ्टचं बेअरिंग निघालं. दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आधी बघितलं असतं.

*

माझा अनुभव महागातला आहे, पण लिहितो कारण कुणाचं तरी इंजिन वाचेल. ट्रॅकवर गेलो होतो, ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेला होतं आणि मी तसंच चालवलं. लांब वळणावर ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) एका बाजूला जातं, पिकअपला (ऑइल ओढणाऱ्या नळीला) हवा लागते, प्रेशर पडतं. परतताना २००० ते २५०० आरपीएमच्या मध्ये, पाय जरासा सोडला की खालून जड ठक ठक ठक. मी तशीच चाळीस किलोमीटर चालवत आणली, तिथेच बंद करून टो करायला हवी होती, हे अजून मनातून जात नाही. गॅरेजमधल्या काकांनी एकेका इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून, म्हणजे तो सिलिंडर बंद करून, पाहिला, तिसऱ्याचा काढला तेव्हा ठोका दबला. मग ऑइल फिल्टर कापला, आत घड्यांमध्ये चमचमणारी चुरी, चुंबकाला न चिकटणारी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तांब्याच्या थरापर्यंत घासलेलं, क्रँकवरही (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरही) ओरखडे, ग्राइंड करावा लागला. टिकटिक असेल तर शोधत बसा, पण जड ठोका आला तर आधी इंजिन बंद करा.

*

मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठोके मोजले. ९०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅम त्याच्या निम्मा, साडेसात. माझे सात-आठ भरले, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा होणारी गोष्ट: व्हॉल्व्ह, इंजेक्टर किंवा एका सिलिंडरची गळती. गळतीच होती, नुकताच बदललेला एक स्पार्क प्लग नीट आवळलाच नव्हता! टॉर्क पान्याने बसवला, संपलं.

*

किरकिर होती, बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवलं, आवाज गेला. आयडलर पुलीचं (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाचं) बेअरिंग निघालं. (अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, जास्त वेळ चालवू नका.)

*

रात्रभर उभी असेल तरच स्टार्टला दोन सेकंद साखळीसारखी खरखर येते, दिवसा नाही. काय करू?

*

धागाकर्ता: टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं ऑइल रात्रीत उतरत असेल, प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहते. आधी ऑइलची पातळी, ग्रेड आणि फिल्टर बघा, फिल्टरमधला ऑइल अडवणारा व्हॉल्व्ह खराब असला तरी असंच होतं. तोवर रोज सकाळी रेकॉर्ड करा, दोनाचे चार सेकंद झाले तर वाट बघत बसू नका, चेन कव्हर उघडून घ्या आणि काय निघालं ते इथे लिहा.